सायडरमधली कोंबडी: रस्सा का फाटतो, सफरचंद कुठे जातं

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या भावाने पुण्याहून सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाच्या, दोन बाटल्या आणल्या. ताईंनी एक किलो कोंबडी, दोन सफरचंदं, कांदा, टोमॅटो, आलं-लसूण सगळं कुकरात घातलं, वरून आख्खी बाटली ओतली, तीन शिट्ट्या काढल्या आणि शेवटी क्रीम घालून खळखळून उकळी आणली. रस्सा पातळ झाला, वर क्रीमच्या कण्या तरंगायला लागल्या, सफरचंदाचा पत्ताच नाही, आणि चव आंबट-गोड-कडवट. सासऱ्यांनी दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं. आता त्या विचारतायत: उरलेल्या बाटलीचं काय करू? कांदा-लसूण मसाला घातला तर सुधारेल का? सफरचंदाऐवजी आपल्याकडची कुठली फळं चालतील? आणि घरात लहान मुलं आहेत, त्यांना वाढावं का?

ताई, ती बाटली जपून ठेवा. पदार्थ चांगला आहे, तुमच्या घरातही आवडेल असा आहे. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की करायला हवी, मग बाकीचं आपोआप मार्गी लागतं. सायडर हे पाण्याच्या जागी घालायचं नसतं, ते आंबटाच्या जागी घालायचं असतं. आपण कोंबडीच्या रश्शात टोमॅटो घालतो, दही लावतो, कोकणाकडचे लोक कोकम टाकतात. त्या सगळ्यांचं काम इथे सायडर करतं. म्हणजे ते आलं की टोमॅटो गेला, दही गेलं, लिंबू गेलं. तुम्ही टोमॅटोही घातला आणि वर पाण्याच्या हिशोबाने आख्खी बाटली. आंबट दुप्पट झालं आणि ते आटायला वाव कुठेच मिळाला नाही, कारण कुकरातून वाफ फारशी बाहेर जात नाही.

हा पदार्थ आला कुठून ते थोडं सांगतो, कारण त्याची घडण समजली की हात चुकत नाही. फ्रान्सच्या वायव्येला नॉर्मंडी नावाचा समुद्रकाठचा भाग आहे. हवा गार, पाऊस बारमाही, त्यामुळे तिथे द्राक्ष नीट पिकत नाही. पिकतं ते सफरचंद, आणि गवत भरपूर म्हणून गाई. मग वाइनच्या जागी सायडर, तेलाच्या जागी लोणी आणि साय. सायडर ऊर्ध्वपातन करून काढलेली कॅल्वाडोस नावाची ब्रँडीही तिथलीच. तिथल्या ओज खोऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी कोंबडी म्हणजे लोण्यात परतलेले तुकडे, सायडर, थोडी कॅल्वाडोस, साय, आणि बाजूला लोण्यात सोनेरी केलेल्या सफरचंदाच्या फोडी. स्पेनच्या उत्तरेला आस्तुरियासमध्येही सायडर घालून कोंबडी करतात. नॉर्मंडीच्या स्वयंपाकात हिशोब सरळ आहे: सायडरचं आंबट आणि सायीचा स्निग्धपणा एकमेकांना तोलतात, कांदा आणि फळ गोडी देतात, मीठ सगळ्यांना बांधून ठेवतं. या चौघांपैकी एक ढळलं की सासरे ताट सारणारच.

आधी बाटली बघून घ्या. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय, साधारण 4 ते 8 टक्के अल्कोहोल असलेलं. किराणा दुकानात वजन कमी करायला म्हणून लोक घेऊन जातात ते ॲपल सायडर व्हिनेगर हे नव्हे. ते वाटीभर ओतलं तर कोंबडी फेकून द्यावी लागेल. फसफसणारं सफरचंदाचं गोड थंड पेयही हे नव्हे, त्यात साखरच फार. पुण्यात मूनशाइन नावाची मीडरी, म्हणजे मध आंबवून मीड नावाचं पेय करणारा कारखाना, सफरचंदाचा रस आणि मध एकत्र आंबवूनही मीड काढते. ते काटेकोर अर्थाने सायडर नाही, पण या कामाला चालतं, मधामुळे चव जरा वेगळी येते एवढंच.

बाटली उघडली की चमचाभर चाखा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. जीभ कोरडी पडली, गोडी जवळजवळ नाही, असं वाटलं तर ते ड्राय सायडर. ते निम्म्यापर्यंत आटवलं तरी बिघडत नाही. चाखल्यावर सरबतासारखं गोड लागलं तर ते फार आटवू नका, एक तृतीयांश उडेपर्यंतच. नाहीतर पाक होतो आणि मग कितीही मीठ घाला, जेवणात मिठाई कालवल्यासारखं लागतं. गोड सायडर असेल तेव्हा एक सफरचंद हिरवं आंबट घ्या, म्हणजे तोल परत येतो. बुडबुडे गेलेलं, दोन दिवस फ्रिजमध्ये उघडं राहिलेलं सायडरही रांधायला उत्तम. बुडबुड्यांचा कढईत काही उपयोग नसतो.

कडवटपणाचं विचारलंत. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्स नावाची फुलं सायडरमध्ये सहसा नसतात, त्यामुळे तो कडवटपणा नव्हे. युरोपात सायडरसाठी मुद्दाम तुरट-कडवट जातीची सफरचंदं लावतात, जी नुसती खाववत नाहीत. अशा सायडरमधला तुरटपणा आटवताना दाट होतो. दुसरं कारण करपलेला लसूण. तिसरं, तळाला जे तांबूस चिकटतं ते काळं होईपर्यंत थांबणं. तुमच्या कुकरात आच मोठी राहिली असेल तर बहुतेक तिथेच घात झाला.

आता भांडं. हे मी हात जोडून सांगतो: जर्मनच्या पातेल्यात हा पदार्थ करू नका. आंबट आणि ॲल्युमिनियम यांचं पटत नाही, रस्सा काळपट होतो आणि धातूची चव येते. नव्या, तेल न मुरलेल्या लोखंडी कढईचंही तसंच. जाड बुडाचं स्टीलचं पसरट पातेलं सगळ्यात चांगलं. मातीचं भांडं असेल तर शिजवायला छान, पण परतायचं काम आधी स्टीलमध्ये करून घ्या.

कोंबडी घेताना दुकानदाराला आधीच सांगा की रश्शाचे बारीक तुकडे करू नका. आपल्याकडे न सांगता बारीक तुकडे करून, साल काढून देतात. या पदार्थाला तंगडी आणि मांडी हवी, हाडासकट, मोठे तुकडे, आणि मिळाली तर साल राखलेली. सालीतली चरबी सुटते आणि त्यातच कांदा परतता येतो. छातीचे तुकडे आलेच तर ते वेगळे ठेवा, शेवटच्या बारा-पंधरा मिनिटांत घाला, नाहीतर चोथा होतो.

एक किलोला साधारण 12 ग्रॅम मीठ, म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे, तुकड्यांना चोळून फ्रिजमध्ये चार तास, जमल्यास रात्रभर. हळद, दही, आलं-लसूण काही लावायचं नाही. मला माहीत आहे, आपला हात तिकडे जातोच. पण दही-लसणाचं लिंपण तव्यावर आधी करपतं आणि कोंबडीला रंग यायच्या आतच कडू होतं. फक्त मीठ. परतायच्या आधी तुकडे कोरड्या फडक्याने टिपा. ओला तुकडा तांबूस होत नाही, तो वाफवला जातो.

पातेलं तापलं की एक मोठा चमचा तेल आणि 30 ग्रॅम लोण्यातलं निम्मं. लोणी एकट्याने करपतं, तेल आधार देतं. तुकडे सालीची बाजू खाली करून ठेवा आणि हलवू नका. सहा-सात मिनिटं लागतात. गर्दी झाली तर दोन खेपांत करा. तुकडा स्वतःहून तळ सोडायला लागला की समजायचं रंग आला, तो चिकटून बसलाय तोवर ओढायचा नाही. दुसरी बाजू तीन मिनिटं. बाहेर काढून ताटलीत ठेवा, खाली जो रस साठेल तो फेकू नका.

आता कांदा, आणि इथे जरा थांबून सांगतो. तीन मध्यम कांदे उभे चिरून त्याच पातेल्यात, चिमूटभर मीठ, आच मंद. कांदा पूर्ण मऊ, मधाच्या रंगाचा व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढी द्याच. कारण आंबटात कांदा शिजत नाही. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहजी विरघळत नाही, म्हणून सायडर पडल्यावर कांदा जिथे असेल तिथेच अडकतो. कच्चा राहिला तर तासभर उकळलात तरी कचकच लागणार. चिंचेच्या आमटीत आधी न शिजलेली डाळ पुढे शिजत नाही ना, त्यातलाच हा प्रकार. बटाटा घालायचा असेल तर त्यालाही हाच नियम, आधी उकडून घ्या. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या ठेचून अगदी शेवटी, वास सुटेपर्यंतच.

मग 330 मिलीची सगळी बाटली ओता. लाकडी उलथन्याने तळाची खरवड सोडवा. ती तांबूस असेल तर रश्शाचा अर्धा जीव तिच्यात आहे; काळी झाली असेल तर सायडर ओतायच्या आधीच कांदा दुसऱ्या भांड्यात काढून घ्या आणि ती खरवड तशीच सोडा. आच मोठी करा, झाकण नाही. फेस येईल, नाकात झोंबणारी वाफ येईल, ती जाऊ द्या. पसरट पातेल्यात आठ-दहा मिनिटांत सायडर निम्मं होतं. आता चाखा. आंबट, पण गोल, दाताला न टोचणारं लागलं पाहिजे. कोंबडी आत सोडायच्या आधी हे आटवणं, हीच या पदार्थाची किल्ली. कोंबडी घातल्यावर आटवायला जाल तर रस्सा दाट होईपर्यंत मांस सुतासारखं होतं.

यात आता पाण्याऐवजी अळणी घाला, एक वाटी. मटण किंवा कोंबडी मीठ आणि आलं-लसूण घालून उकडल्यावर जे पाणी उरतं, जे आपण लेकरांना आधी वाढतो, तेच. कोंबडीच्या मान, पाठ, पंख यांचं अळणी आधी करून ठेवलं तर उत्तम. तमालपत्राचं एक पान, दालचिनीचं बोटाच्या पेराएवढं कांडं, जाडसर कुटलेली मिरी. तुकडे साल वर राहील असे मांडा, रस्सा सालीच्या खाली राहिला पाहिजे, ताटलीतला रसही ओता. झाकण तिरपं, आच मंद. ब्रॉयलरला 25 ते 30 मिनिटं पुरतात. थर्मामीटर असेल तर मांसाच्या मध्यभागी 74 अंश सेल्सिअस म्हणजे शिजलं, पण तंगडी 80 ते 85 पर्यंत नेली तर जास्त मऊ लागते, कारण सांध्यातली चिकट शिर विरघळून रश्शात उतरते. थर्मामीटर नसेल तर सांध्यापाशी सुरी खुपसा, रस स्वच्छ आला आणि हाड सैल झालं की झालं.

गावरान कोंबडी असेल तर हा हिशोब चालत नाही. ती तासभर तरी मागते, जुनी असेल तर दीड तास. तेवढा वेळ आंबटात ठेवण्यापेक्षा आपली जुनी रीत बरी: आधी मीठ-आलं-लसूण घालून कुकरात किंवा पातेल्यात अळणी काढा, मांस तीन-चतुर्थांश शिजवा, मग ते तुकडे टिपून परता आणि सायडरमध्ये शेवटची वीस मिनिटं द्या. चव विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. सायडरची कोंबडी गावरानची जास्त चांगली होते. ब्रॉयलरला स्वतःची चव कमी, आंबट-गोड तिच्यावर स्वार होतं. गावरान त्याला पुरून उरते.

आता सफरचंद. ते विरघळलं कारण सुरुवातीपासून कुकरात होतं. फळ दोन वेळा घालायचं. एक सफरचंद किसून किंवा बारीक चिरून कांद्याबरोबर, ते विरघळण्यासाठीच आहे, रश्शाला दाटपणा तेच देतं. दुसऱ्याच्या बिया आणि गाभा काढून आठ फोडी करा, वेगळ्या तव्यावर उरलेल्या लोण्यात एक बाजू सोनेरी होईपर्यंत न हलवता ठेवा, वर मिठाचे दोन कण, आणि वाढायच्या पाच मिनिटं आधी रश्शात सोडा. लाल डेलिशियसची साल चामड्यासारखी लागते, ती काढा. पिवळ्या गोल्डनची राहू द्या. ऑगस्ट-सप्टेंबरात हिमाचलचा माल येतो, पाठोपाठ काश्मीरचा. तेव्हा सफरचंद कडक आणि रसाळ असतं, तो या पदार्थाचा खरा हंगाम. उन्हाळ्यात गाड्यावर दिसतं ते बहुतेक शीतगृहातलं, वरून चकचकीत आणि आत पिठूळ. दाबून बघा, कानाशी धरून टिचकी मारा. बद्द आवाज आला तर घेऊ नका. तेव्हा महाग पडलं तरी बाहेरून येणारं हिरवं ग्रॅनी स्मिथ घ्या.

आपल्याकडच्या फळांचं तुम्ही विचारलंत, त्यात मला सगळ्यात जास्त गोडी आहे. माझी पहिली पसंती तासगावचा बेदाणा. शेजारच्या सांगली जिल्ह्यातला, वर्षभर मिळणारा, स्वस्त. मूठभर बेदाणा कोमट सायडरमध्ये अर्धा तास भिजत घाला, टपोरा होतो, आणि शेवटी त्या सायडरसकट रश्शात जातो. सफरचंद पिठूळ मिळण्याच्या दिवसांत मी यावरच भिस्त ठेवतो. जानेवारी ते एप्रिल ताजी काळी द्राक्षं असतात. ती आख्खी, अगदी शेवटची तीन-चार मिनिटं, फुटायच्या बेतात आली की गॅस बंद. पावसाळ्यात नासपती येतो. तो तव्यावर सफरचंदापेक्षाही चांगला टिकतो, लोक उगीच त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. पुरंदरचं अंजीर मिळालं तर दोन भाग करून लोण्यात, कापलेली बाजू खाली, मिनिटभरच. आलुबुखार जून-जुलैत, पण तो स्वतः आंबट आहे, तेव्हा सायडर पाऊण बाटलीच घ्या.

पाडाला लागलेला आंबा, अजून कडक, पिवळेपणा नुकता धरलेला, मे महिन्यात चालतो. तोतापुरी असेल तर जास्त बरा. पिकलेला हापूस मात्र नको. तो रश्शात शिजवणं म्हणजे दोन्हींचं नुकसान. पेरू आवडत असेल तर बिया काढून, अर्धकच्चा. अननसाला सावध राहा: कच्च्या अननसात मांसाची प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन असतं, त्यात कोंबडी मुरत ठेवली तर तासाभरात पिठलं व्हायला लागतं. शिजवल्यावर ते निष्प्रभ होतं, म्हणून अननस तव्यावर भाजून शेवटी. कच्च्या पपईचंही तेच. जांभूळ नको, तुरटावर तुरट होतं. स्ट्रॉबेरी नको, रंग मळकट होतो आणि फळ गळून जातं. चिकू आणि केळं तर नकोच.

क्रीम फाटलं ते का? दोन कारणं एकत्र आली. आंबट जास्त आणि उकळी मोठी. बाजारातल्या डब्यातल्या पातळ क्रीममध्ये साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो. स्निग्धांश जितका कमी तितकं ते आंबटात लवकर फाटतं, 35 टक्क्यांच्या वरचं व्हिपिंग क्रीम सहसा फाटत नाही. गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, क्रीममध्ये आधी दोन पळ्या गरम रस्सा कालवा आणि मग ते मिश्रण पातेल्यात परत घाला. किलोला 100 मिली पुरे. कोल्हापुरात मात्र याहून चांगली वस्तू घरातच असते. म्हशीच्या दुधाची साय, एक दिवस विरजण लावलेली, लोणी काढायच्या आधीची. नॉर्मंडीत वापरतात ती सायही अशीच किंचित आंबवलेली असते. ती रवीने एकजीव करून घ्या, आंबूस असावी, आंबट नको. डब्यातल्या क्रीमपेक्षा तिची चव कितीतरी भरीव लागते. रस्सा किती दाट हवा? चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा, ती मिटली नाही म्हणजे झालं.

कांदा-लसूण मसाल्याचं उत्तर: नको. तो मसाला मला जीव की प्राण, पण भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, लसूण आणि मिरची हे सगळं सायडरच्या नाजूक वासावर चढून बसतं. रस्सा चांगला लागेलही, पण मग बाटली कशासाठी उघडली? तांबड्या रश्शाला त्याच्या जागी राहू द्या.

पण पांढऱ्या रश्शाची गोष्ट वेगळी. पांढरा रस्सा आणि सायडरची कोंबडी हे नात्यातलेच आहेत. दोन्हीत अळणीचा पाया, दोन्हीत पांढरा स्निग्धपणा, दोन्हीत खडा मसाला वासापुरता. म्हणून घरी पाहुणे असले आणि सायीची चव त्यांना परकी वाटेल असं दिसलं, की मी असं करतो. कांदा, सायडर, अळणी इथपर्यंत सगळं वरच्यासारखं. लोण्याऐवजी तूप, त्यात लवंग, वेलदोडा, दालचिनी, मिरी तडतडवायची, आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. मग वाटण: मूठभर आजरा-चंदगडकडचे काजू आणि दोन चमचे खसखस कोमट पाण्यात भिजवून, गंधासारखं वाटून. ते घातलं की मंद आचेवर दहा मिनिटं. शेवटी नारळाचं दाट दूध एक वाटी, आणि त्यानंतर उकळी आणायची नाही. नारळाचं दूधही आंबटात फाटतं, पण काजूचं वाटण आधी आत गेलेलं असलं की ते त्याला धरून ठेवतं, म्हणून हा क्रम उलटा करू नका. दही यात अजिबात नाही, त्याची जागा सायडरने घेतलीय. तिखटाची हौस असेल तर चमचाभर तुपात ब्याडगीची पूड फिरवून वरून कटाची रेघ सोडा. सासऱ्यांना मी हीच वाढेन. सोबत आजऱ्याचा घनसाळ भात. ज्वारीच्या भाकरीशी सायीची कोंबडी मला जमत नाही, काजू-नारळाची जमते.

गुळाकडे हात नेऊ नका. शेवटी आंबट वाटलं तर आधी मीठ तपासा, मग लोण्याचा किंवा तुपाचा एक चमचा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. उलट गोड झालं तर मिरी आणि अगदी थोडी मोहरीची चटणी, अर्धा चमचा.

आता मुलांचं. सायडर उकळलं की त्यातली सगळी दारू उडून जाते, असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं खरं, पण पाण्यात मिसळलेलं असल्याने पूर्ण जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत अर्धा तास मंद शिजवल्यावर सुमारे 35 टक्के, तासाने 25 टक्के आणि अडीच तासांनी 5 टक्के अल्कोहोल उरतं असं दिलंय. आधी उघड्यावर आटवल्याने आणखी कमी होतं, पण शून्य होत नाही. 5 टक्क्यांच्या 330 मिली बाटलीत 16-17 मिली अल्कोहोल असतं. त्यातलं तिसरा भाग धरला तरी पाच जणांत माणशी एक मिलीच्या आसपास. मात्रा थोडी आहे, पण लहान मुलं, गरोदर बाई, दारू वर्ज्य असलेली माणसं आणि औषधांवर असलेली माणसं यांना ती न वाढलेलीच बरी. पाहुण्यांना आधी सांगा, मगच वाढा. कोणाच्या व्रताचा, निश्चयाचा प्रश्न असतो, तिथे मात्रा किती हा मुद्दाच नसतो.

त्यांच्यासाठी वेगळ्या छोट्या पातेल्यात बिनदारूची करा. ताज्या सफरचंदाचा रस, साखर न घातलेला, एक वाटी घेऊन निम्मा आटवा, त्यात एक चहाचा चमचा ॲपल सायडर व्हिनेगर आणि अळणी. इथे ती किराणातली बाटली कामाला येते. आंबवलेल्या रसाची खोली यात येत नाही, पण मुलांना ही जास्त आवडते असा माझा अनुभव आहे. घरी रस आंबवून सायडर करायच्या भानगडीत पडू नका, परवान्याशिवाय ते कायद्यात बसत नाही.

ब्रँडीचा झुळका द्यायचा असेल तर गॅस बंद करून चमच्याने मोजून घाला आणि मग गॅस लावा. बाटलीतून थेट आचेवर कधीही ओतू नका, भडका बाटलीपर्यंत येऊ शकतो.

गणपतीत किंवा दिवाळीला जास्त माणसांची करायची झाली तर चार किलोला चार बाटल्या लागत नाहीत, तीन पुरतात, कारण मोठ्या पातेल्यात आटण्याचं प्रमाण कमी पडतं. सायडर दोन पसरट भांड्यांत वाटून आटवा, नाहीतर अर्धा तास गॅसपुढे उभं राहाल. परतण्याचं काम खेपांनीच. आदल्या दिवशी करून ठेवायचं असेल तर साय किंवा नारळाचं दूध घालायच्या आधी थांबा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत कोंबडी निववून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर पूर्ण गरम करून मग साय. फळाच्या फोडी त्याच दिवशी ताज्या परता. वरची चरबी रात्रीत गोठून पांढरा थर झालेला दिसेल. तो सगळा काढू नका, निम्मा ठेवा.